आम्ही नक्की कुणाकडचे?

मुंबईत येऊन मला चाळीस वर्षे होऊन गेली, तरी एक प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. नवी ओळख झाली, गाव विचारले, मी बेळगाव म्हटले, की समोरचा गृहस्थ क्षणभर थांबतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे तुम्ही नक्की कुणाकडचे?" राजकारणापुरते या प्रश्नाचे उत्तर माझ्या वडिलांच्या जिभेवर तयार असे. ते क्रिकेटच्या बाबतीत मात्र इतके सोपे नाही, आणि आमच्या घरात तर त्यापायी एकदा दोन दिवस अबोला झाला होता.

ती हकीकत मार्च १९७४ची. टिळकवाडीतले आमचे घर. बाहेरच्या खोलीत कोनाड्यावर रेडिओ, त्याच्यावर आईने विणलेले झाकण, आणि समोर दोन आरामखुर्च्या. एकीत माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. दुसरीत शेजारचे मास्तर. अण्णांचे खडे बाजारात वह्या-पुस्तकांचे दुकान होते. सीमा-सत्याग्रहात दोन महिने हिंडलग्याच्या तुरुंगात काढून आलेला हा माणूस. मास्तर मूळचे धारवाडकडचे, कानडी शाळेत गणित शिकवीत. बेळगाव कोणत्या राज्यात असावे, याबद्दल या दोघांचे मत कधी जुळले नाही आणि कधी जुळणारही नव्हते. पण मास्तरांकडे रेडिओ नव्हता, आणि आमच्याकडे क्रिकेट समजणारा दुसरा मोठा माणूस नव्हता. गरज ही मोठी मध्यस्थ असते.

दोघांची एक पैज वर्षानुवर्षे ठरलेली होती. मुंबई रणजी करंडक जिंकली की मास्तरांनी अर्धा किलो कुंदा आणायचा, आणि त्यांचा संघ मुंबईला हरवील तेव्हा अण्णांनी. बेळगावचा कुंदा ज्याने खाल्ला आहे त्याला या पैजेचे मोल सांगायला नको. आता वाचकांना हेही ठाऊक असेल, की १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईने हा करंडक ओळीने पंधरा वर्षे आपल्याकडेच ठेवला होता. त्यामुळे आमच्या घरी कुंदा हा मास्तरांच्या खर्चानेच यायचा असतो, अशी माझी लहानपणी प्रामाणिक समजूत होती.

त्या वर्षी उपान्त्य सामना बंगलोरला होता. म्हैसूर राज्याचे नाव १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक झाले, त्याला पुरते पाच महिनेही झाले नव्हते. एकीकडे वाडेकरांची मुंबई, दुसरीकडे प्रसन्नांचे कर्नाटक. विश्वनाथने १६२ धावा काढल्या, ब्रिजेश पटेलनेही शतक ठोकले. मग प्रसन्नांनी गावसकरचा त्रिफळा उडविला. तरी वाडेकर उभे होते, तोवर अण्णा निर्धास्त होते. आणि ते वाडेकर धाव घेताना घसरले आणि धावबाद झाले! अण्णांनी रेडिओकडे असे पाहिले, की जणू त्यानेच वाडेकरांचा पाय ओढला. कर्नाटकाने पहिल्या डावाच्या आघाडीवर सामना खिशात घातला.

मास्तर मोठे सभ्य गृहस्थ. ते नुसते म्हणाले, "अण्णा, घाई नाही हो. उद्या आणला तरी चालेल."

पण खरा स्फोट पुढे झाला. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून टाळ्या वाजवीत होता! अण्णा ताडकन उठले. "या घरात राहून? माझा मुलगा असून?" दादाने मान खाली घातली, पण उत्तर दिलेच. "अण्णा, विशी खेळताना बघा तरी एकदा. तो कुठल्या भाषेत बोलतो ते माझ्या लक्षातच येत नाही." त्यानंतर दोन दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. कुंदा मात्र दुसऱ्या दिवशी आला. हरल्यावर शब्द फिरवणे अण्णांच्या रक्तात नव्हते.

दोन नकाशे

पुढे मी नोकरीसाठी मुंबईला आलो, आणि मला एक गंमत समजली. अण्णांचा समज असा, की मराठी माणूस तेवढा एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला. पण क्रिकेटने हा हिशेब कधी मानलेलाच नाही. सरकारचा नकाशा वेगळा आणि क्रिकेटचा वेगळा. रणजी करंडकाचे सामने सुरू झाले १९३४-३५ साली. महाराष्ट्र राज्य झाले १ मे १९६० रोजी. तोवर संघ आपापल्या जागी घट्ट बसले होते. राज्ये जुळली, तुटली, पण संघ हलले नाहीत. म्हणून आज एका महाराष्ट्र राज्यात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत, आणि शेजारच्या गुजरातेत गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'एक राज्य, एक मत' हे तत्त्व उचलून धरले, तेव्हा ही जुनी घडी विसकटते की काय असे वाटले होते. पण ऑगस्ट २०१८मध्ये त्याच न्यायालयाने या सहाही संघटनांचा मताचा हक्क पुन्हा मान्य केला. क्रिकेटचा नकाशा सरकारच्या नकाशाला पुरून उरला तो असा.

आणि या तीन संघांत गोडीगुलाबी असेल असे वाटत असेल, तर पुणेकरांना १९४८-४९च्या मोसमाबद्दल विचारावे. पुण्यात झालेल्या त्या उपान्त्य सामन्यात मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. एका सामन्यात २,३७६ धावा! दोन्ही बाजूंना बहुतेक मराठी माणसेच, पण कुणी कुणाला एक धाव सोडायला तयार नाही. त्याच मोसमात आणि त्याच पुण्यात कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना काठेवाडच्या संघाने सामना सोडून दिला. एवढी धावसंख्या करूनही निंबाळकरांना कसोटीची टोपी कधी मिळाली नाही. पुण्याचे लोक मुंबईबद्दल जो एक ठेवणीतला राग बाळगतात, त्यात या हकीकतीचाही थोडा वाटा असावा. त्याआधी संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला होता. त्यानंतर तो महाराष्ट्राकडे आजतागायत आलेला नाही.

उलट मराठी माणूस दुसऱ्याच्या अंगणात फुलला, याचीही उदाहरणे आहेतच. विजय हजारे जन्माने सांगलीचे. पण १९४६-४७च्या अंतिम सामन्यात ते बडोद्याकडून खेळले, आणि गुल महंमदबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागी केली. समोर होता होळकरांचा इंदूरचा संघ. म्हणजे एकीकडे गायकवाडांचे बडोदे, दुसरीकडे होळकरांचे इंदूर. दोन्ही मराठी संस्थाने, आणि दोन्ही आजच्या महाराष्ट्राच्या बाहेर. त्या दिवशी पुण्यातल्या माणसाने कोणाचा जयजयकार करायचा होता, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

त्याच्याही आधीचा काळ आठवावा. मुंबईत १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत. त्यात संघ कोणते? हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 'इतर'. मैदाने ओसंडून वाहत, पण माणसाने टाळ्या कुठे वाजवायच्या हे त्याच्या धर्मावरून ठरे. गांधीजींनी १९४० साली या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली, आणि १९४५-४६ नंतर ते सामने बंद पडले. प्रांताची निष्ठा ही त्या मानाने पुष्कळच बरी. धर्म सहसा जन्माबरोबर चिकटतो. प्रांताचे तसे नाही. तो बिऱ्हाड बदलले की बदलू शकतो.

सोयरीक

मुंबई आणि कर्नाटक यांच्यातली चुरस १९७४ नंतर फार वाढली. १९८१-८२च्या उपान्त्य सामन्यात, तोही मुंबईत, रघुराम भटची फिरकी इतकी वळत होती, की गावसकर दुसऱ्या डावात चक्क डावखुरा होऊन खेळला आणि नाबाद राहिला. मुंबईकर म्हणत, काय ही युक्ती! कर्नाटकवाले म्हणत, उजव्या हाताने जमेना म्हणून डावा! अण्णा पहिल्या पक्षात, दादा दुसऱ्या. तोवर दोघे एका खोलीत बसून भांडू लागले होते, ही प्रगतीच म्हणायची.

पण याच गावसकरच्या बहिणीचे लग्न झाले ते विश्वनाथशी! गावसकरने आपल्या मुलाचे नाव ठेवले रोहन जयविश्व. त्यातला 'विश्व' म्हणजे हाच मेहुणा. आणि तो रोहन पुढे रणजी सामने खेळला बंगालकडून. मुंबईचा बिनीचा फलंदाज, त्याचा मेहुणा कर्नाटकाचा आणि मुलगा बंगालचा. अशा घरात दिवाळीच्या फराळाला कोणत्या संघाची बाजू घेऊन बोलत असतील, देव जाणे!

राहुल द्रविड तर या साऱ्यांवर कळस. जन्म इंदूरचा, घरात बोली मराठी, वाढला बंगलोरला, आणि खेळला कर्नाटकाकडून. त्याला आमचा म्हणावे तर तो त्यांचा, त्यांचा म्हणावे तर तो घरात आईशी मराठीत बोलणारा. आमच्या अण्णांची यात मोठी पंचाईत झाली. द्रविड खेळताना ते म्हणत, "आपला पोरगा!" आणि तो मुंबईविरुद्ध उभा राहिला की म्हणत, "हा कर्नाटकाचा." मास्तर हसून विचारीत, "अण्णा, शतक कुणाच्या खात्यात मांडायचं?" उलट बाजूने पाहावे, तर मंगळुरी घराण्यातला रवी शास्त्री मुंबईत जन्मला, वाढला, आणि १९९३-९४ साली त्याने मुंबईला करंडक मिळवून दिला. तेव्हा तो कुठला, हे मुंबईत कोणी विचारले नाही.

नातवाची टोपी

हे सगळे वर्तमानपत्रातले झाले. १९९९ साली ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले.

दादाचा मुलगा चांगला यष्टिरक्षक होता. तो धारवाड विभागाकडून खेळला, आणि मग एके दिवशी कर्नाटकाच्या मुलांच्या संघात त्याची निवड झाली. बेळगावहून मला दोन पत्रे आली. एक दादाचे, आनंदाने ओसंडणारे. दुसरे अण्णांचे, चारच ओळींचे: 'मुलाला तुझ्याकडे मुंबईला ठेवून घे. तिथल्या शाळेत घाल. खेळायचेच तर मुंबईकडून खेळू दे. मी ज्यांच्या तुरुंगात बसलो त्यांची टोपी माझ्या नातवाच्या डोक्यावर मला बघवणार नाही.'

ते पत्र मी चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. अण्णांचे दुःख खोटे नव्हते. १ नोव्हेंबरला सारे राज्य उत्सव करी, तेव्हा हा माणूस दंडाला काळी फीत लावून घराबाहेर पडे. पण मुंबईच्या मैदानांवर अशी हजार पोरे धुळीत लोळत होती, हेही मला दिसत होते. ज्यांनी मुलाला पाहिले, निवडले, खेळवले, ती माणसे पलीकडची होती. मी अण्णांना तसेच लिहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या शब्दाला नाही म्हटले. उत्तर आले नाही.

मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "काका, इथे मी पहिला यष्टिरक्षक आहे. तिथे कितवा असेन?"

आणि नशिबाचा खेळ पाहा. त्याच हिवाळ्यात त्याच्या संघाचा सामना पडला तो महाराष्ट्राच्या मुलांशी, आणि तोही पुण्यात! मी मुंबईहून गेलो. मैदानाशी पोचतो तो काय, बाकावर अण्णा बसलेले. रात्रीच्या गाडीने एकटेच आले होते. सत्तरीला आलेला माणूस, मांडीवर पिशवी, डोक्यावर टोपी. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मी महाराष्ट्राचा सामना बघायला आलोय." मी म्हटले, "बरं."

महाराष्ट्राची फलंदाजी चालू होती. दोघे फलंदाज जमले होते. एकाएकी एक जण पुढे सरसावला, चेंडू हुकला, आणि आमच्या पोराने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच यष्ट्या उडविल्या. अण्णा अर्धे उठले, आजूबाजूला पाहिले, आणि पुन्हा खाली बसले. हात टाळीसाठी वर आले होते, ते त्यांनी टोपी सारखी करण्याच्या कामाला लावले.

अखेर सामना महाराष्ट्राच्या मुलांनी जिंकला. मी म्हटले, "अण्णा, जिंकलात!" ते काही बोलले नाहीत. दूर मैदानात आमचा मुलगा मान खाली घालून हातमोजे काढीत होता. अण्णा त्याच्याकडे एकटक बघत राहिले. महाराष्ट्र जिंकला म्हणून अण्णांचा चेहरा उतरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि ते त्यांच्याही ध्यानात आले असावे. कारण थोड्या वेळाने ते स्वतःशीच पुटपुटले, "हे बरं नव्हे."

संध्याकाळी मुलाला घेऊन आम्ही खाणावळीत जेवायला गेलो. अण्णांनी त्याला विचारले, "तो पुढे आला ते तुला आधीच कसं कळलं रे?" मुलगा हसू लागला. म्हणाला, "आजोबा, ते दोघे माझ्यासमोरच मराठीत ठरवत होते. पुढच्या षटकात पुढे येऊन मारतो, असं तो म्हणाला. त्यांना वाटलं, कर्नाटकाच्या पोराला काय कळतंय! मी गोलंदाजाला कानडीत सांगितलं, 'मुंद बर्तान', हा पुढे येणार."

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी तुला घरात मराठी शिकवली," ते सावकाश म्हणाले, "ती तू त्यांच्या कामाला लावलीस!"

"आणि कानडी मला मास्तरआजोबांनी शिकवली," मुलगा म्हणाला. "मग दोन्ही लावल्या."

अण्णा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मग पिशवीतून त्यांनी एक पुडा काढला. कुंदा होता. बेळगावहून निघतानाच घेतला होता. कोण जिंकणार म्हणून घेतला होता, हे मी विचारले नाही.

यावरून कोणी असे समजू नये, की अण्णांचे मतपरिवर्तन झाले. दुसऱ्या वर्षीही १ नोव्हेंबरला काळी फीत दंडावर होतीच. सीमेचा दावा २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा त्या दिवशीचे वर्तमानपत्र त्यांनी घडी घालून कपाटात ठेवले. त्यांचे म्हणणे ते शेवटपर्यंत सोडणार नव्हते, आणि ते सोडावे असे आमच्यापैकी कोणाला वाटतही नव्हते. फक्त नातवाची ती टोपी धुऊन आली, की ती नीट आकारात बसावी म्हणून ते स्वतः तिला पालथ्या पातेल्यावर वाळत घालीत. मुलगा पुढे रणजीपर्यंत पोचला नाही. आज तो बेळगावातच नोकरी करून सकाळी मुलांना खेळ शिकवतो, आणि चुकले की दोन्ही भाषांत रागावतो.

शेवटचा हिशेब

जानेवारी २०१०मध्ये मुंबई आणि कर्नाटक रणजीच्या अंतिम सामन्यात समोरासमोर आले, म्हैसूरला. मी मुद्दाम रजा काढून बेळगावला गेलो होतो. अण्णा ऐंशीचे. समोर दूरदर्शन संच, शेजारी दादा. मास्तरांची खुर्ची मात्र रिकामी होती; ते आदल्या पावसाळ्यात गेले. खुर्ची काढून ठेवायला अण्णांनी कोणाला परवानगी दिली नव्हती.

कर्नाटकाला जिंकायला ३३८ धावा हव्या होत्या. मनीष पांडेने १४४ काढल्या, तेव्हा दादा उभा राहिला आणि अण्णांनी डोळे मिटून घेतले. पण कर्नाटकाचा डाव आटोपला ३३१वर. मुंबई अवघ्या सहा धावांनी जिंकली! दादा धप्पकन खाली बसला. मी अण्णांकडे पाहिले. त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, मग काठी घेतली आणि उठले.

"कुठे निघालात?" मी विचारले.

"बाजारात."

अर्ध्या तासाने ते परत आले ते आमच्या घरी नव्हे, तर सरळ शेजारच्या दारात. मास्तरांचा मुलगा बाहेर आला. अण्णांनी अर्धा किलोचा पुडा त्याच्या हातावर ठेवला. तो गोंधळून म्हणाला, "अण्णा, मुंबई जिंकली ना? नियमानं आम्ही द्यायचा."

"माहीत आहे मला," अण्णा म्हणाले. "पण तुझे वडील असते, तर सहा धावांनी जिंकलेला कुंदा मी घेतला असता असं वाटतं तुला?"

आम्ही नक्की कुणाकडचे, हे त्यानंतर आमच्या घरात कोणी विचारले नाही. मुंबईत अजून विचारतात. मी सांगतो, बेळगावचा. आणि सामना कोणाचा आहे ते आधी विचारून घेतो.